साडेअकराला घरी कोण असतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांवर अधूनमधून मजकूर असतो. तो मी इथे, स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतातल्या व्हिस्प नावाच्या गावात, मोबाईलवर वाचतो. (लिहायचं व्हिस्प, म्हणायचं फिश्प. हे कळायलाच मला महिना गेला.) फोटोत बर्फ असतो, लाल रेल्वे असते, नवऱ्याच्या हुद्द्यावर दोन परिच्छेद असतात आणि शेवटी बायकोने गणपतीला केलेले मोदक असतात. तक्रार नाही. फक्त आमच्या घरात हुद्दा बायकोचा आणि मोदक माझे, त्यामुळे तो मजकूर वाचताना आपण दुसऱ्याच कुणाच्या वर्गात येऊन बसलोय असं मला वाटत राहतं.

मी पाटण तालुक्यातल्या एका वाडीचा. कराडला एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवायचो, म्हणजे तास झाला तर पैसे, आणि तेही कधी मिळतील ते बिल मंजूर करणाऱ्यालाच ठाऊक. बायको सांगलीची, जैवतंत्रज्ञान शिकलेली, पुण्यात एका औषध कंपनीत होती. २०२१ संपता संपता तिला इथल्या लोंझा कंपनीत नोकरी लागली. नाव ओळखीचं वाटणार नाही, पण मॉडर्नाच्या कोविड लशीतला मुख्य घटक याच गावात तयार होत होता. ती पुढे आली. मी आणि दीड वर्षाची मुलगी २०२२ च्या ऑगस्टमध्ये मागून आलो. सरकारी कागदावर माझ्या येण्याचं कारण एका शब्दात लिहिलंय, त्याचा अर्थ ‘कुटुंबामागून येणे’. मागून आलेला माणूस. वाडीत असं काही सांगायची सोय नाही, म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, कुणी विचारलं की म्हणतात, “कंपनीत हाय.” कोण कंपनीत आहे हे कुणी विचारत नाही.

तर मला जे सांगायचंय ते एवढंच. परदेशात घर लागतं ते नोकरीवाल्याच्या नोकरीने नाही, दुपारी साडेअकराला जो घरी असतो त्याच्यामुळे लागतं. आणि आपल्या पुरवणीतले वार्ताहर त्याच्याशी कधीच बोलत नाहीत.

साडेअकरा का, तेही सांगतो. इथे मूल चार वर्षांचं झालं की बालवाडीत जातं. जातं म्हणजे स्वतः चालत जातं. गळ्यात चमकणाऱ्या पट्ट्यांचा नारिंगी त्रिकोण, पाठीवर लहानसं दप्तर, त्यात नऊच्या खाऊचा डबा. आईबापांनी गाडीने सोडलेलं बाईंना खपत नाही. पहिल्या आठवड्यात मी झाडांच्या आडून मुलीच्या मागे मागे जायचो. तिसऱ्या दिवशी तिने वळून पाहिलं आणि सगळ्या मित्रमैत्रिणींसमोर मराठीत ओरडली, “बाबा, तू दिसतोयस!”

आणि साडेअकराला शाळा सुटते. सगळी पोरं जेवायला घरी येतात. गावातली लहान दुकानं बाराला बंद होतात, दीडच्या आत कुणाला फोन करणं असभ्य. ही सगळी घडी कोणीतरी घरी आहे आणि त्याने बटाटे उकडून ठेवलेत असं गृहीत धरून बसवलेली आहे. ते ‘कोणीतरी’ म्हणजे आई, हे इतकं गृहीत की लिहायची गरजही कुणाला वाटली नसावी. पैसे भरून शाळेजवळ जेवायची सोय आता आहे, पण जागा थोड्या. मी पहिल्यांदा फाटकापाशी उभा राहिलो तेव्हा एका बाईंनी फार आपुलकीने विचारलं, “आज सुट्टी का?” दुसऱ्या दिवशी दुसरीने. चौथ्या दिवशी त्यांचा समज झाला की माझी नोकरी गेलीय. एकीने तर बेकारांच्या कचेरीचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. त्या चिठ्ठीने मला पाटणची आठवण आली, सल्ला देण्यात माणसं सगळीकडे तेवढीच तत्पर.

या देशात बायकांना देशपातळीवर मताचा अधिकार मिळाला १९७१ च्या फेब्रुवारीत, आपल्याकडे इंदिरा गांधी दुसऱ्यांदा निवडणुकीला उभ्या होत्या तेव्हा. पण आमच्या गावापासून रेल्वेने थोड्याच मिनिटांवर रारोन आहे, तिथून रोपवेच्या पाळण्याने वर गेलं की उंटरबेख नावाचं खेडं लागतं. तिथल्या बायकांनी मार्च १९५७ मध्येच मतदान केलं. गावच्या पंचांनी होकार दिला, बाकी देशाने दिला नव्हता, म्हणून त्यांची पेटी वेगळी ठेवली आणि मतं मोजली नाहीत. मी मुलीला घेऊन तिथे जाऊन आलो. तिला पाळण्यात रस होता, मला पेटीत.

भाषेचं सांगतो, कारण तिथेच आमच्या घरातली उलथापालथ झाली. परवान्यासाठी मला जर्मनची अगदी पायरीवरची परीक्षा द्यावी लागली. पास झालो, पेढे नव्हते म्हणून शिरा केला, आणि दुसऱ्या दिवशी फाटकापाशी कळलं की इथे ती भाषा कुणी बोलतच नाही. वालिसची बोली पुस्तकी जर्मनपासून इतकी दूर की झुरिचची माणसंसुद्धा ती ऐकून डोकं खाजवतात. बायकोला याचा पत्ताच नव्हता. कंपनीत दिवसभर इंग्रजी. मला मात्र रोज साडेअकराला पंधरा मिनिटं शिकवणी, फुकट.

पहिले दोन शब्द शिकलो ते एम्ब्र्यूफ आणि एम्ब्री. वर आणि खाली. इथे कुणी डावीकडे-उजवीकडे सांगत नाही. दुकान एम्ब्री, डॉक्टर एम्ब्र्यूफ. वाडीत आम्ही ‘वरल्या अंगाला’, ‘खालल्या अंगाला’ म्हणतो ते हेच. कराडला राहायला गेलो तेव्हा माझी या बोलण्यावरून चेष्टा व्हायची. इथे त्याच सवयीचं कौतुक झालं, पाहुणा असून दिशा बरोबर सांगतो म्हणून. तिसरा शब्द हेंगर्ट, म्हणजे रस्त्यात उभं राहून मारलेल्या गप्पा. कोकणातल्या वाचकांना गजाली म्हटलं की पुढचं सांगावं लागणार नाही.

आता पालकसभेला आम्ही दोघं त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसतो आणि पदव्यांची भेंडोळी असलेली माझी बायको दर दोन मिनिटांनी मला कोपराने ढोसते, “काय म्हणाल्या?”

पण गावात खरा शिरकाव झाला तो पाण्यामुळे. फिश्पच्या डोक्यावर फिश्पर्टर्मिनेन आहे, तिथले द्राक्षमळे साधारण साडेसहाशे मीटरपासून साडेअकराशे मीटरपर्यंत चढत जातात. दगडी ताली घालून केलेली अरुंद पट्टी, एकावर एक. आमच्याकडे नाचणीला असतात तशाच, फक्त इथल्या ताली जास्त सरळ. हा भाग कमालीचा कोरडा. चहूबाजूंचे उंच डोंगर ढग अडवतात आणि फिश्पला वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. महाबळेश्वरला २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला होता. इथला वर्षाचा पाऊस आमच्या वरल्या अंगाला एका दिवसात झाला होता.

त्यामुळे हिमनद्यांचं पाणी कड्याकपारीतून पाट काढून मळ्यांपर्यंत आणायचं, ही इथली शेकडो वर्षांची रीत. त्या पाटाला सुओन म्हणतात. एके दिवशी मुलगी आणि मी अशा एका पाटाकडेने चाललो होतो. ऐंशीच्या घरातले एक आजोबा लाकडी फळी उपटून पाणी दुसऱ्या दांडात वळवत होते. मी थांबलो. ते म्हणाले, आता माझे तास सुरू. पूर्वी कुणाला किती वेळ पाणी ते लाकडाच्या कांडीवर खाचा पाडून ठेवत, असंही त्यांनी सांगितलं. मी मोडक्यातोडक्या भाषेत म्हटलं, आमच्याकडे याला पाळी म्हणतात. मग मला राहवेना, विचारलं, “रात्री दुसऱ्याची फळी कोणी उपटतं का?”

आजोबांनी फळी खाली ठेवली. इकडेतिकडे पाहिलं. आणि पाऊण तास मला सांगत राहिले, कोणाच्या आज्याने कोणाच्या आज्याचं पाणी कोणत्या साली चोरलं, त्यावरून कोणत्या दोन घरांत अजून लग्नं होत नाहीत. निम्मं कळलं नाही, पण कळायची गरजही नव्हती, मला सगळी माणसं ओळखीचीच वाटत होती. निघताना त्यांनी मुलीला खिशातली सुकी जर्दाळू दिली. युनेस्कोने २०२३ मध्ये हे पारंपरिक सिंचन वारशाच्या यादीत घातलं तेव्हा चोरीचा उल्लेख केला की नाही कोण जाणे, करायला हवा होता. त्या दिवसानंतर बाजारात कुणीतरी मला ‘पाण्याचा इंडियन’ म्हणालं, आणि बेकारांच्या कचेरीचं नाव कुणी काढलं नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुलगा झाला. पहिल्या बाळंतपणाला सासूबाई होत्या. या वेळी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, म्हणून माझी आई आली. शेंगेन व्हिसाचे नव्वद दिवस, सामानात डिंक, आळीव, बाळंतशेपा, आणि विमानतळावर अडवतील म्हणून पोटाशी बांधलेली जायफळाची पुडी. (अडवलं नाही.) आईने आयुष्यात पहिल्यांदा मला लंगोट धुताना, कपडे वाळत घालताना, पोळ्या लाटताना पाहिलं. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या हातातून लाटणं घेतलं आणि म्हणाली, “कडा जाड राहत्यात.” एवढीच टिप्पणी. लाटणं परत दिलं.

तिला खरा धक्का बसला तो सुईण घरी आली तेव्हा. इथे बाळंतपणानंतर छप्पन्न दिवसांत सुईण घरी येऊन बघून जाते, पहिलटकरणीला सोळा वेळा, नंतरच्याला दहा वेळा, आणि खर्च सक्तीच्या आरोग्यविम्यातून. आई म्हणाली, “अगं बाई, आपली सुईण आपण बंद केली आणि ह्यांनी ठेवली?” चाळिशीतली, सायकलवरून आलेली बाई. तिने पिशवीतून एक कापडी झोळी काढली, बाळाला त्यात ठेवलं, झोळीची टोकं एका आकड्याला अडकवली आणि आकडा हाताने वर उचलला. बाळ हवेत, काटा थरथरत स्थिर झाला. आईने चष्मा चढवून जवळ जाऊन पाहिलं. “हा तर ताणकाटा! मिरच्या मोजायचा.” मी भाषांतर केलं. सुईण इतकी हसली की वजन पुन्हा करावं लागलं.

मग दोघींचं जमलं. शेक द्यायला शेगडी हवी यावरून मात्र तंटा झाला, भाड्याच्या बंद घरात निखारे पेटवू देणं शक्यच नव्हतं. तडजोड गरम पाण्याच्या पिशवीवर मिटली. डिंकाचा लाडू सुईणीने वास घेऊन खाल्ला आणि दर भेटीला आधी डब्याकडे बघायची. बायकोची रजा चौदा आठवड्यांची, पगार ऐंशी टक्के. नव्वदाव्या दिवशी आई गेली, पुढच्याच आठवड्यात बायको कामावर, आणि मी दोन पोरांसकट घरी. विमानतळावर आई मला म्हणाली, “बापाला काय सांगायचं ते मी सांगते.” काय सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. आबा अजून कंपनीतच म्हणतात.

आमच्या इमारतीत धुण्याचं यंत्र तळघरात, सर्वांना मिळून एक, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. माझा गुरुवार, खालच्या मजल्यावरच्या इटालियन आजींचा बुधवार. त्यांचे कपडे वाळायला राहतात म्हणून गुरुवारी गाठ पडते. फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी दीडला सगळ्या देशात भोंगे वाजवून बघतात. जे धरणाखाली राहतात त्यांच्याकडे त्यानंतर आणखी एक, खोल आवाजाचा. आम्ही मात्मार्क धरणाच्या खालच्या अंगाला. पहिल्या वर्षी मी दचकून मुलीला उचलून जिन्यात आलो, तर आजी शांतपणे चादर झटकत होत्या. दुसऱ्या दिवशी तळघरात त्यांनी सांगितलं, त्यांचे यजमान त्याच धरणावर कामाला होते. ३० ऑगस्ट १९६५ ला वरची आलालिन हिमनदी तुटून कामगारांच्या बराकींवर आली. अठ्ठ्याऐंशी माणसं गेली, त्यांतली छप्पन्न इटालियन. यजमान दुसऱ्या पाळीत होते. याबद्दल त्या एवढंच बोलतात.

बोलतात त्या दुसऱ्याच गोष्टीबद्दल. हंगामी कामगाराला तेव्हा वर्षातले नऊ महिने राहायला मिळायचं आणि बायकापोरं आणायला बंदी होती. माणूस हवा, कुटुंब नको. हा नियम पूर्ण जायला २००२ उजाडलं. आजींचा थोरला मुलगा शाळेच्या वयाचा होईपर्यंत इटलीत त्यांच्या आईकडे वाढला. काहींनी पोरं चोरून आणली आणि दिवसभर खोलीत कोंडून ठेवली, आवाज करायचा नाही, खिडकीशी जायचं नाही. शेजाऱ्याने चुगली केली तर दोघांनाही परत पाठवायचे.

माझ्या कागदावरचा तो ‘कुटुंबामागून येणे’ शब्द त्या दिवशी घरी येऊन मी पुन्हा वाचला.

आमची दोघं रविवारी जिन्यातून गाड्यागत उतरतात. रविवारी इथे काचेची बाटलीसुद्धा डब्यात टाकायची नसते, आवाज होतो म्हणून. वरच्या मजल्यावरून चिठ्ठी आली, सौम्य भाषेतली, पण चिठ्ठीच. मी पोरांना दटावत असताना आजींनी दार उघडलं. म्हणाल्या, ओरडू दे. माझ्या दारासमोर तर ओरडूच दे.

आता शेवटचं, आणि पत्राला बसलो ते खरं यामुळे. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या लोचेनताल खोऱ्यात ब्लाटेन नावाच्या गावावरचा कडा सरकतोय हे ध्यानात आलं. १९ मेला गावातली तीनशेच्या आसपास माणसं बाहेर काढली. २८ मेला दुपारी साडेतीनच्या सुमारास बिर्च हिमनदी वर साचलेल्या खडकांसकट खाली आली आणि गावाचा बहुतेक भाग गाडला गेला. एक माणूस गेला, चौसष्ट वर्षांचा. ढिगाऱ्यामागे नदी तुंबली आणि उरलेली घरं पाण्यात गेली. त्या नदीचं नाव लोंझा. याच नदीच्या पाण्यावर वीज करायला १८९७ मध्ये ती कंपनी निघाली. माझ्या बायकोच्या पगाराच्या चिठ्ठीवर त्या नदीचं नाव छापलेलं असतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत आम्ही त्या खोऱ्यात सोंगं बघायला गेलो होतो, लाकडी मुखवटे, मेंढ्यांची कातडी, कमरेला घंटा. शिमग्यातल्यासारखीच, पण अंगावर बर्फ चोळतात. मुलगी भ्यायली आणि रात्री पुन्हा जाऊया म्हणून रडली.

संध्याकाळी आबांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “जनावरं काढली का?”

काढली होती. एक जखमी गाय तर हेलिकॉप्टरने उचलून आणली. आबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “गाईला इमान.” (म्हणजे विमान.)

ते गप्प का झाले मला माहीत आहे. जुलै २०२१ च्या त्याच पावसात, जो महाबळेश्वरला ५९४ मोजला गेला, आमच्या तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे रात्री डोंगर आला. आमच्या वाडीतली माणसं तीन रात्री शाळेत झोपली, मीही होतो, मुलगी चार महिन्यांची होती. कुणी अगोदर सांगितलं नव्हतं. वाडीतल्या म्हाताऱ्यांना पाणी गढूळ आल्यावर शंका आली, एवढीच पूर्वसूचना. आणि मी कराडला अकरावीच्या पोरांना भूस्खलन शिकवत होतो. चार गुणांचा प्रश्न, आकृती काढा.

आबांना मी इकडे या म्हणत नाही, येणार नाहीत आणि नियमही येऊ देणार नाहीत. कोयनेच्या भूकंपाला, ११ डिसेंबर १९६७ ला, ते बारा वर्षांचे होते. फिश्पलाही १८५५ मध्ये मोठा भूकंप झाला होता असं मी त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, “म्हंजी हलत्या जाग्यावरनं हलत्या जाग्यावर गेलास.” पण घराच्या वरल्या अंगाला, काजूच्या झाडापलीकडे, जमिनीला एक भेग आहे. ब्लाटेननंतर मी व्हिडिओवर त्यांना दाखवलं तसं त्यांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी सळई ठोकली आणि दर सोमवारी टेप लावून दोन सळयांमधलं अंतर मोजायला लागले. गेल्या वर्षी जूनमध्ये एकतीस सेंटिमीटर होतं. दिवाळीला बत्तीस. उन्हाळाभर बत्तीसच. आता मृग लागलाय, आणि या सोमवारचं माप साडेबत्तीस आहे. ते अंतर आबा वहीत लिहितात, वहीचा फोटो मला पाठवतात, मी दुपारी बटाटे उकडत असताना तो येतो.

गावी आलो तेव्हा हे आकडे घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. तिथल्या माणसाने वही उलटून पाहिली आणि अशी नोंद घेण्याचा नमुना आपल्याकडे नाही असं सांगितलं. चहा दिला. म्हणून आपल्याला विनंती, आपल्या वार्ताहराने पाऊस वाढायच्या आत एवढं शोधून छापावं: वाडीवरच्या भेगेचं माप घरी बसलेल्या म्हाताऱ्याने घेतलं, तर ते नेमकं कुणाला कळवायचं? फोन नंबर असेल तर तोही, मोठ्या अक्षरात. आबांना जवळचं दिसत नाही.

आपला,
एक वाचक
(मु. पो. पाटण तालुका, सध्या फिश्प, वालिस, स्वित्झर्लंड)

ता. क. : नाव छापू नये. वाडीत अजून मी कंपनीत आहे.